एकाच शहराकडे गेलेल्या दोन वाटा
मुंबईतील गोमंतकीय खलाशी व रत्नागिरीकडील गिरणीकामगार यांच्या आर्थिक स्थितीचा तौलनिक अभ्यास

प्रास्ताविक

पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी व दक्षिणेस शापोरा नदी वाहते. कोरगाव हे या दोन नद्यांमधील गाव. तेरेखोल ओलांडली की सावंतवाडीचा मुलूख लागतो. हे संस्थान १९४८ साली विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाले आणि १९८१ पासून तो प्रदेश सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. शापोरा ओलांडली की बार्देश तालुका लागतो. या दोन्ही बाजूंची माणसे शंभराहून अधिक वर्षे पोटासाठी एकाच शहराकडे, म्हणजे मुंबईकडे, जात राहिली. उत्तरेकडील माणूस बहुधा कापडगिरणीत गेला. दक्षिणेकडील माणूस, विशेषतः ख्रिस्ती समाजातील, बहुधा बोटीवर गेला. पेडण्याच्या माणसाने दोन्ही शेजाऱ्यांचे जाणे-येणे जवळून पाहिले आणि तो स्वतःही त्या वाटांनी गेला.

या दोन समाजांची तुलना करताना आपल्याकडे एक सोपे उत्तर ऐकावयास मिळते. बोटीवरचा माणूस सुखी झाला कारण त्याचा पगार मोठा. गिरणीतला मागे राहिला कारण तो काटकसरी नव्हता, असे ते उत्तर होय. प्रस्तुत लेखात हे उत्तर कितपत खरे आहे ते तपासून पाहावयाचे आहे. हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. पेडण्यातून आजही तरुण बोटींवर व आखाती देशांत जात आहेत, आणि मोप येथील विमानतळ २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाल्यापासून बाहेरचे कामगारही या तालुक्यात येत आहेत. स्थलांतरिताची मिळकत कशाने टिकते व कशाने विरून जाते, हे ठाऊक असणे दोघांच्याही हिताचे आहे.

गाव सोडण्याची कारणे

रत्नागिरी जिल्ह्यात जमीन डोंगराळ, शेते लहान आणि पीक पावसावर अवलंबून. त्यात खोती पद्धतीचा भार. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत असे आणि कूळ त्यास अर्धेल, तिर्धेल अशा हिश्शाने धान्य देई. उरलेल्या भातावर वर्ष निघत नसे. मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली व पुढील काही दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली, तेव्हा या जिल्ह्यातील माणसांस रोख पैसा मिळविण्याचा मार्ग सापडला. १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. खोती पद्धत कायद्याने नष्ट झाली ती १९४९ साली. तोवर गिरणीतील मजुरीचा एक भाग खोताचे देणे भागविण्यातच जात होता.

गोव्यातही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. जमीन भाटकारांची व देवस्थाने, गावकाऱ्या यांसारख्या संस्थांची. मुंडकार भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राही व त्याच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नसे. उद्योगधंदे जवळजवळ नव्हतेच. पोर्तुगाल व इंग्लंड यांच्यात १८७८ साली झालेल्या करारान्वये गोव्यातील मीठ उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि त्या धंद्यावर जगणारांचे हाल झाले. त्याच कराराच्या अनुषंगाने मुरगावहून घाटावर जाणारी रेल्वे १८८० च्या दशकात सुरू झाली व बाहेर जाणे सोपे झाले. पेडण्याकडील लोक वेंगुर्ले वा पणजी येथून आगबोटीने जात.

तात्पर्य, दोन्हीकडे कारण एकच होते : जमिनीवर हक्क नाही आणि रोख पैसा नाही. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. रत्नागिरीचा माणूस एकाच राज्यसत्तेखालील जिल्ह्यातून शहरात येत होता; गोमंतकीय १९६१ पर्यंत परराज्यातून येत होता. कायद्याच्या दृष्टीने तो मुंबईत परका होता.

कोणते काम मिळाले व का

गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस अक्षरओळख व पाश्चात्त्य संगीताचे पाठ मिळत. हडफडे येथे १८८७ साली बार्देशातील इंग्रजी शिक्षणाची सुरुवात करणारी सेंट जोसेफ शाळा निघाली. शिवाय ख्रिस्ती माणसास युरोपीय पद्धतीचे अन्न शिजविण्यास वा वाढण्यास धार्मिक अडचण नव्हती, आणि समुद्रपर्यटनाचा निषेधही त्यास लागू नव्हता. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया यांसारख्या कंपन्यांस प्रवासी बोटींवर आचारी व वाढपी हवे होते. ते त्यांस येथे मिळाले. कोकणीत या माणसास ‘तारवटी’ म्हणतात.

रत्नागिरीच्या माणसापाशी अशी पूर्वतयारी नव्हती. त्यास काम मिळे ते जॉबरमार्फत. जॉबर हा खात्याचा मुकादम. नोकरी देणे, काढणे, रजा मंजूर करणे त्याच्या हाती असे व त्याबद्दल तो दस्तुरी घेई. नवा माणूस प्रथम बदली म्हणून लागे. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे. कोणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर परत. बोटीवर जाणाऱ्यासही दलालाची मर्जी सांभाळावी लागे. मध्यस्थाचा हिस्सा दोघांच्याही मिळकतीतून जात होता.

हे दोन्ही समाज आतून एकजिनसी होते असेही नव्हे. गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक. परंतु धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांस त्या खात्यात येऊ दिले जात नसे. ते कमी मजुरीच्या सूतकताई खात्यांत राहिले. गोमंतकीयांच्या काही क्लबांतही जातीनुसार प्रवेश ठरत असे. एकाच जिल्ह्यातून आलेल्या सर्वांची आर्थिक स्थिती सारखीच होती, असे म्हणून चालणार नाही.

मिळकतीचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. ते कोणत्याही एका वर्षाचे प्रत्यक्ष वेतन नव्हे. दोघांचाही मासिक पगार १०० रुपये आहे असे समजू.

गिरणीकामगार खानावळीस ३५ रुपये, खोलीच्या भाड्याचा हिस्सा ५ रुपये, किरकोळ खर्च १० रुपये आणि सावकाराचे व्याज १० रुपये देतो. गावी मनिऑर्डर करण्यास ४० रुपये उरतात. वर्षाचे झाले ४८० रुपये. शिल्लक काही नाही. शेतीच्या कामांसाठी वा गणपती-शिमग्यासाठी तो महिनाभर गावी गेला तर त्या महिन्याचा पगार बुडतो.

खलाशाचे जेवण व राहणे बोटीवर कंपनीच्या खर्चाने होते. किरकोळ खर्च १५ रुपये धरू. पगारातील ठरलेला भाग कंपनीने परस्पर कुटुंबास द्यावा, अशी अलॉटमेंटची सोय असते. त्याप्रमाणे घरी ५० रुपये जातात. उरलेले ३५ रुपये कंपनीकडे साठतात व सफर संपताना एकरकमी मिळतात. सफर दहा महिन्यांची असेल तर ३५० रुपये हाती येतात.

येथवर पाहता खलाशी सुखी वाटतो. परंतु पुढची बोट लगेच मिळत नाही. दोन महिने थांबावे लागले, मुंबईत राहण्यास दरमहा ४० व घरी ५० रुपये लागले, तर १८० रुपये संपून १७० उरतात. चार महिने थांबावे लागले तर ३६० रुपये लागतात. म्हणजे दहा महिन्यांची बचत खलास होऊन वर १० रुपये कर्ज.

आता मुंबईत राहण्याचा खर्च ४० ऐवजी २५ रुपयांवर आणता आला असे समजू. मग चार महिन्यांस ३०० रुपये लागतील आणि ५० रुपये शिल्लक राहतील. पगार तोच, सफर तीच, थांबणेही तेवढेच. परंतु कर्जाच्या जागी बचत आली. हा खर्च खाली आणण्याचे काम ‘कूड’ करीत असे. या दोन समाजांच्या तुलनेत हा मुद्दा मध्यवर्ती आहे.

कूड आणि बैठकीची खोली

कूड म्हणजे खोली. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातील गावागावांनी आपापल्या कुडी उघडल्या. इंग्रजीत त्यांस क्लब म्हणत. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत अशा अनेक कुडी होत्या. गावच्या माणसाने अल्प वर्गणी भरावी, आपली पेटी भिंतीशी ठेवावी व बोट मिळेपर्यंत तेथे राहावे. सफरीवर गेला तरी पेटीची जागा व सभासदत्व कायम. भिंतीशी गावच्या संताची वेदी, रात्री सर्वांनी मिळून प्रार्थना, आणि वागणुकीचे कडक नियम. बोटींच्या भरतीची वार्ता प्रथम कुडीत येई. गरज पडल्यास आजारपणास व मृत्यूस तेथूनच मदत होई.

परळ, लालबाग, वरळी, शिवडी या गिरणगावातही तशीच व्यवस्था होती. एका गावचे वीस-तीस पुरुष एक खोली घेत. तीस बैठकीची खोली म्हणत. पाळ्यांप्रमाणे झोपण्याची जागा बदले. ग्रामस्थ मंडळ भिशी चालवी, गावच्या देवळास व शाळेस वर्गणी पाठवी. जेवण खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या बोलीने. या बायका स्वतः सावकाराच्या कर्जात असत. मूळच्या गोमंतकीय व गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरणगावच्या अर्थव्यवहारात एका गोमंतकीय स्त्रीने केलेले हे कार्य येथे आवर्जून नमूद करावयास हवे.

दोन्ही संस्था गावाच्या नात्यावर उभ्या होत्या. फरक एवढाच की, कूड ही काम नसलेल्या माणसासाठी होती आणि बैठकीची खोली काम असलेल्या माणसासाठी. बदली कामगाराचा हिस्सा थकला की तो मंडळींचा देणेकरी होई. १९२१-२२ साली मुंबईच्या कामगार कार्यालयाने केलेल्या पाहणीत ९७ टक्के कामगार कुटुंबे एका खोलीत राहत असल्याचे व ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी असल्याचे आढळले. ते कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढे होते. हे कर्ज उधळपट्टीचे होते असे म्हणता येत नाही. बिनकामाचे दिवस व त्यांस आधार नसणे हेच त्याचे मोठे कारण होय.

घरी राहिलेल्या स्त्रिया

पैसा पाठविणाऱ्याचा हिशेब मांडताना घरी राहणारीचे श्रम विसरले जातात. दोन्हीकडे शेत, गुरे, मुले व वृद्ध सांभाळण्याचे काम स्त्रीने केले. ती हे न करती तर शंभर रुपयांत दोन संसार चालले नसते. रत्नागिरीकडील अनेक स्त्रियाही गिरण्यांत गेल्या. १९२०-३० च्या सुमारास गिरणीकामगारांत स्त्रियांचे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या आसपास होते, नंतर ते घटत गेले.

मालमत्तेच्या बाबतीत मात्र भेद होता. गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास, पती-पत्नी मालमत्तेचे समान मालक असतात. खलाशाने घर बांधले तर त्यातील अर्धा हिस्सा पत्नीचा. कोकणात जमीन व घर बहुधा एकत्र कुटुंबातील पुरुषांच्या नावावर. पती गेल्यावर मनिऑर्डर थांबे आणि विधवेस दिराच्या दारी उभे राहावे लागे.

दोन आपत्ती

१९५४-५५ पासून भारत सरकारने गोव्याच्या पोर्तुगीज राजवटीविरुद्ध आर्थिक निर्बंध लागू केले. गोव्याच्या मुक्तीसाठी ते आवश्यक होते. परंतु मुंबईत मिळवून गोव्यात घर चालविणाऱ्या माणसास प्रवास व पैसे पाठविणे बिकट झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला व ही अडचण संपली. त्या काळात कुडीने माणसे सांभाळली. पुढे विमानप्रवास वाढला, प्रवासी बोटी कमी झाल्या आणि खलाशांचे जुने मालक गेले. तरी पुष्कळांस मालवाहू बोटींवर, १९७३ नंतर आखाती देशांत व पुढे पर्यटकबोटींवर काम मिळाले. त्याचे एक कारण म्हणजे ‘नळी’. प्रत्येक सफरीची नोंद असलेल्या प्रमाणपत्रास खलाशी नळी म्हणतात. ती त्याच्या स्वतःच्या नावाची असते. कंपनी बुडाली तरी नोंद बुडत नाही व दुसऱ्या कंपनीच्या दारात ती चालते.

गिरणीकामगारांवरील आपत्ती अधिक कठोर होती. १९२८ साली त्यांनी सहा महिन्यांचा संप केला होता. स्वातंत्र्यानंतर त्यांस भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा, महागाई भत्ता असे संरक्षण मिळाले आणि कायम कामगाराची स्थिती पुष्कळ सुधारली. तेव्हा तो खलाशाहून अधिक सुरक्षित होता असेही म्हणता येईल. खलाशांसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९६६ साली झाला. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्याच नाहीत. साचा चालविण्याचे कसब गिरणीबाहेर कोठेही विकले जात नव्हते. हजारो कामगार कोकणात परतले आणि मनिऑर्डरवर चालणारी घरे एकाएकी थांबली.

पुढे बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांस घरे देण्याचे ठरले व २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण गिरणीत कामास होतो, हे अर्जदारास सिद्ध करावयाचे होते. ज्याने गिरणीचे तिकीट, पगारपत्रक, विमा कार्ड वा निधीची पावती पेटीत जपून ठेवली होती त्यास अर्ज करणे सुकर झाले. ज्याची ती वाळवीने खाल्ली वा पावसात गेली, त्यास तीस वर्षांच्या श्रमाचा पुरावा शोधीत हिंडावे लागले.

निष्कर्ष

या तुलनेवरून दिसते की, दोघांच्या आर्थिक स्थितीतील अंतर केवळ पगाराने पडलेले नाही. काटकसरीने तर नव्हेच. ते तीन गोष्टींनी पडले. पहिली, राहण्याजेवणाचा खर्च कोणाच्या माथी होता. दुसरी, बिनकामाच्या दिवसांत आधार कोण देत होते. तिसरी, कामाचा व मालमत्तेचा कागद कोणाच्या नावावर व कोणाच्या पेटीत होता. ज्यास या तिन्ही गोष्टी लाभल्या त्याचे घर उभे राहिले, मग तो खलाशी असो वा गिरणीकामगार. ज्यास लाभल्या नाहीत तो दोन्हीकडे कर्जात गेला.

आज कोरगावातून बोटीवर जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने भरती करणारी संस्था नौवहन महासंचालनालयाकडे नोंदलेली आहे का, हे प्रथम पाहावे. परदेशी जमिनीवरील नोकरीसाठी परवानाधारक एजंट कोण ते ई-मायग्रेट या सरकारी व्यवस्थेत तपासावे. कराराची प्रत घरी ठेवावी, पत्नीचे नाव बँक खात्यात व वारसनोंदीत असावे, आणि सफर संपल्यावर हाती येणाऱ्या रकमेतून प्रथम चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढावा. २०२० च्या महामारीत बोटी थांबल्या तेव्हा या शिल्लकेचे मोल अनेकांस कळले. निवृत्त खलाशी व त्यांच्या विधवांसाठी गोवा सरकारने २०२१ साली साहाय्य योजना केली. तिचा लाभही कागद असणाऱ्यासच मिळतो.

तसेच आपल्या गावात बांधकामावर वा हॉटेलांत राबणारा परप्रांतीय कामगार आज त्याच जागी उभा आहे, जेथे आपले आजोबा धोबीतलावला वा लालबागला उभे होते. त्याची ई-श्रम नोंदणी झाली आहे का, मजुरीची नोंद त्यास मिळते का, हे पाहण्यास ग्रामपंचायत व शिक्षक यांनी साहाय्य केले तर एका जुन्या ऋणाची अल्पशी फेड होईल.

चर्चेसाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात खलाशास सहा महिने थांबावे लागले तर कुडीत राहून व कुडीबाहेर राहून त्याच्या हाती काय उरेल, त्याचा हिशेब करा.

२. आपल्या गावातून मुंबईस गेलेल्या वडीलधाऱ्यांकडे कोणते जुने कागद शिल्लक आहेत, याची विचारपूस करून यादी करा.

३. आपल्या गावात आलेल्या कामगारांस काम नसलेल्या दिवसांत कोणाचा आधार असतो?